राष्ट्राध्यक्षांच्या गाडीमागचे चार मोटारसायकलवाले

२२ नोव्हेंबर १९६३. डॅलस. जॉन केनेडींचा खून. यावर मराठीतही भरपूर लिहून झालंय. ऑस्वाल्ड, जॅक रुबी, सीआयए, माफिया, क्युबा, सगळं. आज त्यातलं काही सांगायचं नाही. आज त्या फोटोंमध्ये कडेला दिसणाऱ्या माणसांबद्दल लिहायचंय. पांढरं हेल्मेट, गुडघ्यापर्यंत बूट आणि खाली भलीमोठी हार्ली डेव्हिडसन. ते डॅलस पोलिसांचे मोटारसायकलस्वार. केनेडींना गोळी लागली तेव्हा गाडीत बसलेले लोक सोडले तर सगळ्यात जवळ हेच होते. आणि तरी त्यातल्या दोघांना चौकशी आयोगाने साक्षीलाही बोलावलं नाही.

पण आधी थोडं मागे जाऊ. मोटारसायकलवरचा पोलिस ही जात मुळात जन्माला कशी आली ते कळलं की डॅलसची गोष्ट जास्त टोचते.

पोलिसाच्या हाती चाक आलं ते बड्या लोकांचा वेग रोखायला. १८९५ साली न्यूयॉर्कच्या पोलिस खात्याच्या मंडळावर थिओडोर रूझवेल्ट होता (हाच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला). त्याने सायकलवरच्या पोलिसांचं पथक काढलं. उधळलेले घोडे आणि बेफाम सायकलवाले पकडायचे, हे त्यांचं काम. १८९९ च्या मे महिन्यात अशाच एका सायकलवाल्या पोलिसाने लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर विजेवर चालणाऱ्या टॅक्सीच्या चालकाला पकडून आत टाकलं. गुन्हा काय? ताशी १२ मैल वेग. म्हणजे साधारण १९ किलोमीटर! आज आपल्याकडे रिक्षासुद्धा गल्लीत त्याहून जोरात जाते. पण तेव्हा मर्यादा होती ताशी ८ मैल.

पुढे मोटारी वाढल्या, सायकल पुरेना. घोडा तर अजिबातच पुरेना. मग आली मोटारसायकल. हार्ली डेव्हिडसन कंपनी सांगते की पोलिसांना त्यांनी पहिली गाडी विकली ती १९०८ साली, डेट्रॉइटला. म्हणजे बघा, ज्या शहरात मोटारी बनत होत्या त्याच शहराच्या पोलिसांना मोटारींच्या मागे लागायला ही गाडी घ्यावी लागली. त्या काळी मोटार कोणाकडे असायची? पैसेवाल्याकडे. मोटारसायकलवरचा पोलिस म्हणजे श्रीमंताच्या गाडीमागे लागणारा पगारी नोकर, असा सरळ हिशेब होता.

काम कसं चालायचं? रडार वगैरे तेव्हा नव्हतं. पोलिस जाहिरातीच्या फलकामागे किंवा झाडाआड उभा राहायचा. गाडी भरधाव गेली की मागे निघायचा आणि तिच्यापासून ठरावीक अंतर राखून, तेवढ्याच वेगाने थोडा वेळ चालवायचा. आपल्या गाडीचा काटा जो वेग दाखवेल तोच त्याचा वेग. तो काटा नीट तपासून लावलेला असायचा, कारण कोर्टात वकील पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारायचा. म्हणजे समोरच्याचा गुन्हा सिद्ध करायचा तर तेवढाच जीवघेणा वेग स्वतः घ्यायचा. पुढे मोटार, तिला पत्रा आहे. मागे हा, याला अंगावरच्या जाकिटाशिवाय काही नाही. खडी, तेल, ट्रामचे रूळ, अचानक वळणारी घोडागाडी. सगळं अंगावर.

याच १९०८ साली एक जुनी हकीकत वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. विल्यम वेस्ट नावाच्या कृष्णवर्णीय निवृत्त पोलिसाने सांगितलं की, १८७२ साली आपण भरधाव घोडागाडी हाकल्याबद्दल खुद्द राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना रस्त्यात अडवून चौकीवर नेलं होतं. यादवी युद्धाला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या. पुढे २०१२ साली वॉशिंग्टनच्या पोलिसप्रमुखांनीही या हकीकतीला दुजोरा दिला.

आता तिथून १९६३ ला या. तोपर्यंत याच पोलिसाला दुसरं काम लागलेलं होतं. मोठ्या माणसाची गाडी अडवायची नाही, तिच्यासाठी रस्ता मोकळा करायचा. ज्या गाडीमागे लागायला याला मोटारसायकल दिली, तिच्याच आजूबाजूला आता याने पहारा देत चालायचं. हा बदल कोणी ठरवून, ठराव करून केला नाही. मोटारसायकल गर्दीतून वाट काढते, दिसायला रुबाबदार असते, म्हणून मिरवणुकीला बोलावली गेली आणि तिथेच राहिली.

आपल्याकडेही वेगळं काय आहे! कोलकात्यात वाहतूक शाखेचे सार्जंट पांढऱ्या गणवेशात लाल बुलेटवर दिसतात. आपल्या मुंबई-पुण्यात बीट मार्शल जोडीने मोटारसायकलवर गस्त घालतात. भांडण, चोरी, छेडछाड, पहिला फोन त्यांनाच. आणि साहेबांचा ताफा निघाला की रस्ता मोकळा करण्याचं कामही खात्यातल्याच कोणाच्या तरी वाट्याला. १ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे गेले, ताफे गेले नाहीत. असो.

डॅलसला येऊ.

आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, डॅलस पोलिस आणि सीक्रेट सर्व्हिस यांची बैठक झाली. वाहतूक विभागाचे कॅप्टन पर्ड्यू लॉरेन्स यांनी राष्ट्राध्यक्षांच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोटारसायकली लावायचं ठरवलं होतं. सीक्रेट सर्व्हिसच्या विन्स्टन लॉसन यांनी सांगितलं, इतक्या नकोत, दोन-दोन पुरे. आणि त्याही बरोबरीने नकोत, मागच्या चाकाच्या रेषेत राहू द्या. कारण केनेडींना दोन्ही बाजूंना गाड्यांची भिंत आवडत नसे. त्या इंजिनांच्या आवाजात गाडीत बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय लोक आणि आपण यांच्यामध्ये पोलिस नको. निवडणूक तोंडावर आलेल्या पुढाऱ्याला काय वाटणार ते सांगायला नको.

पुढे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीच्या अहवालात हा बदल सुरक्षेच्या दृष्टीने वेगळाच धोकादायक ठरला असावा, अशी नोंद आली. एकच दिवस आधी ह्यूस्टनमध्ये मोटारसायकली गाडीला लागून होत्या, हेही त्या समितीने दाखवलं. माझं मत विचाराल तर सहाव्या मजल्यावरून येणारी गोळी बाजूच्या मोटारसायकलीने अडली असती असं मला वाटत नाही. पण निर्णय कोणाच्या सोयीने झाला ते स्पष्ट आहे. त्या आठाचे चार केले तेव्हा त्या चौघांना कोणी विचारलं नव्हतं.

चौघं असे. डाव्या बाजूला, म्हणजे जॅकलीन केनेडींच्या बाजूला, बॉबी हार्गिस आणि बी. जे. मार्टिन. उजव्या बाजूला, केनेडींच्या बाजूला, जेम्स चेनी आणि डग्लस जॅक्सन. पुढे रस्ता साफ करणारे वेगळे, मागे वार्ताहरांच्या गाड्यांच्या आसपास आणखी काही जण.

मिरवणुकीत मोटारसायकल चालवणं ही किती तापदायक गोष्ट आहे हे ज्याने वरातीत बुलेट चालवली असेल त्यालाच कळेल. वेगात गाडी स्वतःच तोल सांभाळते. हळू चालवताना तोल चालवणाऱ्याने सांभाळायचा. क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलकासा धरलेला, ॲक्सिलेटर किंचित. नजर खाली चाकाकडे गेली की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. इंजिन हवेवर थंड होणारं, आणि हवा तर लागतच नाही, म्हणून पाय भाजतात. अशा स्थितीत दुतर्फा गर्दी. मेन स्ट्रीटवर लोक इतके पुढे आले की डावीकडच्या मोटारसायकलींना गाडीला लागून राहता येईना. त्यामुळे मागच्या गाडीच्या पायरीवर उभ्या असलेल्या क्लिंट हिल या सुरक्षारक्षकाला अधूनमधून पळत जाऊन राष्ट्राध्यक्षांच्या गाडीच्या मागच्या पायरीवर चढावं लागत होतं.

मेन स्ट्रीट संपला. ताफा उजवीकडे ह्यूस्टन स्ट्रीटवर, मग लगेच डावीकडे एल्म स्ट्रीटवर वळला. वेळ दुपारी साडेबारा. गोळ्या चालल्या तेव्हा गाडीचा सरासरी वेग ताशी ११.२ मैल होता, असं वॉरन आयोगाने काढलं. म्हणजे १८ किलोमीटर. १८९९ साली न्यूयॉर्कच्या त्या टॅक्सीवाल्याला पकडलं होतं त्याहूनही कमी.

हार्गिस डाव्या बाजूला, थोडासाच मागे होता. केनेडींच्या डोक्याला गोळी लागली आणि त्याच्या अंगावर, हेल्मेटवर रक्त आणि मेंदूचे कण उडाले. क्षणभर त्याला वाटलं, गोळी आपल्यालाच लागली की काय. त्याने गाडी कडेला लावली, उतरला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या हिरवळीच्या चढाकडे धावला. मग परत येऊन गाडी घेतली, पुलाखालून गेला, तिथे शोधलं, परत आला.

या एका धावण्यावर आजवर केवढी पुस्तकं उभी राहिली आहेत! हार्गिस डावीकडे मागे होता, त्याच्या अंगावर रक्त उडालं, म्हणजे गोळी समोरून उजवीकडून आली, असा एका बाजूचा दावा. हवेत उडालेल्या थेंबांमध्ये तोच गाडी घेऊन शिरला, असं दुसऱ्या बाजूचं उत्तर. हार्गिस स्वतः काय करत होता? एका माणसाचं डोकं डोळ्यांदेखत फुटलेलं आहे, गोळ्या कुठून येताहेत कळत नाही, अंगात चिलखत नाही, आणि हा पळून न जाता जिथे बंदूकवाला असू शकतो तिकडे धावतोय. वाद घालणारे हे पटकन विसरतात.

उजवीकडचा चेनी तर त्याहून जवळ. असोसिएटेड प्रेसच्या जेम्स ऑल्टजेन्स या छायाचित्रकाराने टिपलेल्या प्रसिद्ध फोटोत तो केनेडींकडे बघताना दिसतो. गोळी कोणाला लागली हे ज्यांना त्याच क्षणी समजलं, त्यांपैकी हा एक. तो पुढे निघाला तो ताफ्यातल्या पहिल्या गाडीतल्या पोलिसप्रमुख जेसी करी यांना सांगायला. त्या रात्री पोलिस मुख्यालयात एका टीव्हीच्या वार्ताहराने त्याला गाठलं, त्यात तो थोडं बोलला. वॉरन आयोगाने शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या. त्यात जेम्स चेनी नाही. जॅक्सनही नाही. डावीकडचे दोघं बोलावले गेले, उजवीकडचे नाहीत. कसलाही कट न मानणाऱ्या माणसालाही हे खटकायला हवं. मला कट दिसत नाही, पण बेपर्वाई दिसते. पोलिस शिपाई म्हणजे ताफ्याचं सामान, त्याची साक्ष काय घ्यायची, असा भाव दिसतो.

मागच्या रांगेत मॅरियन बेकर होता. याची गोष्ट ऐका.

ह्यूस्टन स्ट्रीटवर वळताना समोरून वाऱ्याचा असा झोत आला की गाडी पडता पडता वाचली. ती सावरतो तोच पहिला आवाज. बाकीच्या कित्येकांना फटाका वाटला, कोणाला मोटारसायकलच्या सायलेन्सरचा बार वाटला. बेकर नुकताच हरणांच्या शिकारीवरून आलेला होता, त्याने लगेच ओळखलं की रायफल आहे. वर बघितलं तर समोरच्या इमारतीवरून कबुतरं उडाली होती. ती इमारत टेक्सस स्कूल बुक डिपॉझिटरी, शाळेच्या पुस्तकांचं कोठार. त्याने गाडी दामटली, दारासमोर लावली, पिस्तूल काढलं आणि आत घुसला. तिथला व्यवस्थापक रॉय ट्रूली पुढे झाला. लिफ्ट वर अडकलेली, मग दोघं जिन्याने. दुसऱ्या मजल्यावर बेकरला दारातून एक माणूस जाताना दिसला. हाक मारली, तो वळला, पिस्तूल त्याच्यावर रोखलेलं. ट्रूलीला विचारलं, हा इथे काम करतो का? हो म्हणाला. बेकर त्याला सोडून वर गच्चीकडे धावला.

तो माणूस ली हार्वे ऑस्वाल्ड.

आयोगाने नंतर बेकरकडून हे सगळं घड्याळ लावून परत करून घेतलं. चालत गेल्यावर दीड मिनिट, धावत गेल्यावर सव्वा मिनिट. म्हणजे गोळ्या थांबल्यावर जेमतेम दीड मिनिटात मोटारसायकलवरच्या एका पोलिसाचं पिस्तूल ऑस्वाल्डवर रोखलेलं होतं. नंतर लोक म्हणाले, सोडला कसा? अरे, कसा म्हणजे? त्याला संशय होता वरच्या मजल्याचा. इथे दुसऱ्या मजल्यावर, न धापा टाकणारा माणूस, आणि व्यवस्थापक सांगतोय आमचा कामगार आहे. तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

क्लाइड हेगूड हा आणखी एक. त्याने गाडी थेट फूटपाथवर चढवायचा प्रयत्न केला, चढली नाही, तशीच रस्त्यात सोडून चढावरून रेल्वे यार्डात धावला. पाचेक मिनिटांत रेडिओवर सांगणारा तोच, की एक साक्षीदार गोळ्या पुस्तकांच्या इमारतीतून आल्या असं म्हणतोय. तपासाची दिशा ठरली ती अशा धावणाऱ्यांमुळे. मोटारींतले साहेब तोवर पार्कलँड हॉस्पिटलच्या वाटेवर होते, आणि त्यांचं तिथे जाणं बरोबरच होतं.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात विचित्र.

डॅलस पोलिसांच्या रेडिओला दोन चॅनेल होते. एक रोजच्या कामाचा, दुसरा त्या दिवशी ताफ्यासाठी. दोन्हींवरचं बोलणं मुख्यालयात यंत्रावर नोंदलं जायचं. साडेबाराच्या सुमारास कोणा मोटारसायकलवाल्याच्या मायक्रोफोनचं बटण दाबलेलंच राहिलं. पाचेक मिनिटं पहिल्या चॅनेलवर दुसरं काही नीट जाईना, नुसती इंजिनाची घरघर. पंधरा वर्षांनी काँग्रेसच्या समितीने ती घरघर तज्ज्ञांना दिली. त्यांनी त्यातून चार गोळ्यांचे ठसे शोधून काढले. तिघांचा हिशेब ऑस्वाल्डकडे, चौथी हिरवळीच्या चढावरून. ९५ टक्के खात्री! पण अट एक : मायक्रोफोन ठरावीक क्षणी ठरावीक जागी असायला हवा. मग फोटो, फिल्म धुंडाळून ती गाडी एच. बी. मॅकलेन या स्वाराची ठरवण्यात आली.

डिसेंबर १९७८ मध्ये मॅकलेनला वॉशिंग्टनला बोलावून जाहीर साक्ष घेतली. तो म्हणाला, माइक कधीकधी अडकायचा, माझा असू शकेल. त्याच्या सांगण्यानुसार साक्षीपूर्वी त्याला टेप ऐकवलीच नव्हती. नंतर ऐकल्यावर तो ठामपणे म्हणाला, ही माझी गाडी नाही. मी तर सायरन लावून, वेग घेऊन ताफ्याबरोबर हॉस्पिटलला गेलो. या टेपवर त्या वेळी माझा सायरन कुठे आहे? इंजिनाचा वेग वाढल्याचा आवाज कुठे आहे? गाडी चालवणाऱ्या माणसाचा साधा प्रश्न. पण तोपर्यंत समितीने जाहीर करून टाकलं होतं की केनेडींचा खून बहुधा कटातून झाला.

त्या टेपचा निकाल लागला तोही कोणा बड्या तज्ज्ञामुळे नाही. एका मासिकाने त्या ध्वनिमुद्रणाची प्लॅस्टिकची तबकडी वाचकांना वाटली होती. ओहायोतल्या एका ड्रमवादकाने ती पुनःपुन्हा ऐकली आणि त्याला गोळ्यांच्या म्हणून दाखवलेल्या जागेवरच एक पुसट वाक्य ऐकू आलं. शेरीफ बिल डेकर यांचं, दुसऱ्या चॅनेलवरून झिरपलेलं. आणि डेकर ते बोलले होते खुनानंतर साधारण मिनिटभराने! म्हणजे ज्यांना गोळ्यांचे ठसे म्हटलं ते मुळात गोळ्यांच्या वेळचे नव्हतेच. नॉर्मन रॅमसे यांच्या अध्यक्षतेखालच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या गटाने १९८२ साली हे तपासून तसाच निष्कर्ष दिला. त्यावर अजून वाद घालणारे आहेत, पण मॅकलेन म्हणत होता तीच दिशा निघाली.

१९६३ मध्ये चेनीला विचारलं नाही. १९७८ मध्ये मॅकलेनला विचारलं, पण टेप न ऐकवता.

तुमच्या घरात, शेजारी, गावात कोणी मोटारसायकलवर पोलिसाची नोकरी केलेली असेल, ताफ्याचा बंदोबस्त केला असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा. आणि त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या परवानगीने खाली लिहा. त्यांना आधी पूर्ण बोलू द्या.